फाटक्या आवाजाची पारख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लाऊडस्पीकर बिघडला की आपण म्हणतो, 'आवाज फाटतोय'. गणपतीचा मांडव असो, लग्नाचा हॉल असो की शाळेचं स्नेहसंमेलन. आवाज फाटला की पाच-सहा जण एकदम मागे वळून माइकवाल्याकडे पाहतात आणि तो बिचारा घाईघाईने बटण मागे फिरवतो. फाटका आवाज म्हणजे बिघाड, हे आपल्या कानांनी पक्कं धरून ठेवलेलं आहे. आणि मग एक दिवस घरातला मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसते, पायाशी ठेवलेली धातूची एक रंगीत डबी पायाने दाबते आणि चांगला गोड येणारा आवाज मुद्दाम फाडते. थोड्या दिवसांनी तेच पोर येऊन सांगतं, 'ही डबी बरोबर नाही, मला दुसरी पाहिजे.' दुसरीची किंमत पहिलीच्या दुप्पट असते. तिसरीची तर विचारूच नका.

या डबीला 'ओव्हरड्राइव्ह पेडल' म्हणतात. बाजारात अशी शेकडो पेडलं आहेत आणि त्यातलं कुठलं श्रेष्ठ यावर वादक मंडळी तासन् तास वाद घालतात. ही तुलना कशी करावी, याबद्दल आज मला बोलायचं आहे. गिटार न वाजवणाऱ्यांनीही जरूर ऐकावं. यातला निम्मा प्रश्न गिटारचा आहे, पण निम्मा आपल्या कानांचा आहे. शिवाय बहुतेक घरांत वाजवणारा एक असतो आणि पैसे मोजणारा दुसरा.

बिघाडाला बढती

आधी आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. अ‍ॅम्प्लिफायरचं काम म्हणजे विजेच्या रूपात आलेली लहान लाट मोठी करून देणं. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला एक छत असतं. लाट त्या छतापेक्षा उंच होऊ पाहते, तेव्हा तिचा माथा छाटला जातो आणि गोल शेंड्याच्या जागी सपाट पठार तयार होतं. लाटेचा आकार बदलला की तिच्यात मुळात नसलेले नवे उपस्वर निर्माण होतात. आपल्याला ऐकू येणारी खरखर ती हीच. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे छत जरा मऊ असतं. लाट हळूहळू दबत जाते आणि खरखरीला एक गोलाई येते.

सुरुवातीला हा निव्वळ अपघात होता. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात आइक टर्नर यांच्या संचाने 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात दुखावला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून कशीबशी वेळ मारून नेली, असं सांगतात. पण त्या घुसमटलेल्या आवाजाचीच लोकांना गंमत वाटली. १९५८ मध्ये लिंक रे या वादकाने 'रम्बल' या गतीसाठी स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या 'किंक्स' संचातल्या डेव्ह डेव्हिसने तोच पडदा ब्लेडने चिरला. म्हणजे तोवर हवा तसा फाटका आवाज मिळवायचा, तर चांगली वस्तू खरोखरच फाडावी लागत होती.

तिकडे नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं काम चालू असताना मिक्सरची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार घोंघावू लागली. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड पुसून टाकला नाही. तोच आवाज मुद्दाम देणारं ट्रान्झिस्टरचं मंडल त्यांनी पुढे तयार केलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ते वापरलं आणि बिघाडाला कायमची बढती मिळाली.

ओव्हरड्राइव्ह हा या घराण्यातला नंतरचा आणि सौम्य भाऊ. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण मोठा केला की जो दाणेदार, उबदार आवाज येतो तो वादकांना हवा असे. पण तेवढा मोठा आवाज चाळीत सोडाच, छोट्या सभागृहातही सोसवत नाही. १९७७ मध्ये जपानच्या 'बॉस' कंपनीने 'ओडी-१' हे पेडल काढलं. कमी आवाजात मोठ्या आवाजाचा पोत द्यायचा, हे त्याचं काम. फझमध्ये लाट जवळजवळ चौकोनी छाटली जाते. ओव्हरड्राइव्हमध्ये ती कडेने तासली जाते. म्हणूनच त्यात वादकाचा हात टिकून राहतो. तार हलकी छेडली तर आवाज बराचसा स्वच्छ, जोरात छेडली तर खरखरीत. चांगल्या ओव्हरड्राइव्हची पहिली परीक्षा हीच, की बोटांचा जोर बदलला की त्याने उत्तर बदललं पाहिजे.

तंबोऱ्याची जवारी आणि पॉवर कॉर्ड

मुद्दाम उपस्वर वाढवण्याची ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीला किंचित बाक दिलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये धागा सरकवून आपण जवारी लावतो. तार घोडीला नुसती टेकत नाही, ती तिच्यावर थरथरत घासते आणि आवाज झणकारतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर एरवी ऐकू यायला नकोत. पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मिरजेचे कारागीर जवारी काढताना हेच काम कानाने करतात. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद.

साम्य इथवर. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. जवारी प्रत्येक तारेवर वेगळी काम करते. गिटारच्या सहा तारा मात्र एका वायरीतून एकत्र पेडलमध्ये जातात आणि तिथे त्यांचं मिश्रण छाटलं जातं. त्यामुळे दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार होतात. समजा, खालचा सा ११० कंपनांचा आणि त्याचा पंचम १६५ कंपनांचा. वजाबाकी होते ५५. हा ५५ म्हणजे त्याच सा चा खर्ज! म्हणजे दोन स्वर वाजवले आणि पेडलने तिसरा, खालचा सा फुकट दिला. रॉक संगीतात जिला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात ती हीच. तिच्यात सा आणि प असतात, गंधार नसतो. तंबोराही आपण याच दोन स्वरांत मिळवतो.

गंधार का नको? कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने चढा असतो. एरवी ते चालून जातं. पण छाटणीत त्याच्या बेरजा-वजाबाक्या बेसूर ठिकाणी पडतात आणि आवाजाचा चिखल होतो. तेव्हा 'नवं पेडल लावलं तरी कॉर्ड घाण वाजते' अशी तक्रार आली, तर पेडल बदलण्याआधी कोणते स्वर वाजताहेत ते पाहावं. पुष्कळदा दोष पेडलचा नसतो, गणिताचा असतो.

चार डब्या, चार स्वभाव

आता प्रत्यक्ष पेडलांकडे वळू. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हिरव्या रंगाचं 'आयबनीझ ट्यूब स्क्रीमर'. जपानमध्ये 'मॅक्सन' कंपनीच्या सुसुमु तामुरा यांनी त्याचं मंडल बांधलं. पहिलं 'टीएस ८०८' १९७९ च्या सुमाराचं, नंतरचं 'टीएस ९' १९८२ चं. नावात किंचाळी असली तरी स्वभाव मवाळ. याची खरी युक्ती अशी, की साधारण ७२० कंपनांच्या खालचे खर्जाचे स्वर ते कमी वाढवतं आणि वरचा तीव्र भाग पुढे गाळून टाकतं. उरतो तो मधला भाग, आणि तो पुढे येतो. शिवाय मूळ स्वच्छ आवाज छाटलेल्या आवाजाखाली थोडा शिल्लक राहतो. टेक्ससचे ब्लूज वादक स्टीव्ही रे व्हॉन यांच्यामुळे या पेडलचं नाव फार मोठं झालं.

दुसरं 'बॉस'चं पिवळं 'एसडी-१'. हे १९८१ मध्ये आलं आणि आजही बनतं. मंडलाचं कूळ ट्यूब स्क्रीमरच्या जवळचं. पण फरक डायोडांचा. ट्यूब स्क्रीमरमध्ये लाटेचा वरचा आणि खालचा माथा सारखाच छाटला जातो. एसडी-१ मध्ये एका बाजूला एक डायोड, दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे छाटणी असमान. एकच शुद्ध स्वर घेतला, तर समान छाटणीने वरच्या सप्तकातले पंचम आणि गंधार यांसारखे विषम उपस्वर वाढतात. असमान छाटणीने त्यांच्या जोडीला वरचे षड्जही मिळतात. ऐकताना हा फरक बारीक असतो, पण असतो.

तिसरं, त्याच कंपनीचं १९९५ चं निळं 'बीडी-२ ब्लूज ड्रायव्हर'. हे मधला भाग तेवढा फुगवत नाही. खर्ज आणि तार, दोन्ही मोकळे सोडतं. बोटांचा हलका-जोरकस फरक त्यात फार छान कळतो. मात्र नॉब जास्त फिरवला की आवाज टोचू लागतो.

चौथं 'क्लॉन सेंटॉर'. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या बिल फिनेगन यांनी हे १९९४ मध्ये आणलं. बॅटरीचे ९ व्होल्ट आतल्या आत दुप्पट करून ते लाटेला जास्त मोकळी जागा देतं, सिलिकॉनऐवजी जर्मेनियमचे डायोड वापरतं आणि छाटलेल्या आवाजाच्या शेजारून स्वच्छ आवाजाची वेगळी वाट काढतं. ड्राइव्ह कमी ठेवला तर पेडल चालू आहे की नाही, असा प्रश्न पडावा इतकं ते सौम्य; फक्त आवाज थोडा भरदार झालेला जाणवतो.

यात श्रेष्ठ कोण? असा प्रश्न विचारला की चूक तिथेच सुरू होते. ट्यूब स्क्रीमर घरी एकट्याने वाजवून पाहा. नाकात बोलल्यासारखा, खर्ज हरवलेला आवाज येईल. त्याच्या शेजारी ब्लूज ड्रायव्हर कितीतरी भारदस्त वाटेल. पण ढोल-झांजा आणि बास गिटार सुरू झाली, की चित्र उलटतं. खर्जाची जागा बासने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी. मधली जागा रिकामी असते आणि नेमकी तीच ट्यूब स्क्रीमर भरतो. एकट्याने ऐकताना जो दोष वाटला, तोच संचात गुण ठरतो. उलट ज्याला संच नाही, जो एकटाच गात-वाजवतो, त्याला हा गुण काय कामाचा? त्याला मोकळं पेडलच बरं.

आणखी एक उपयोग सांगतो. पुष्कळ अनुभवी वादक ट्यूब स्क्रीमरचा ड्राइव्ह अगदी कमी आणि आवाज जास्त ठेवतात. त्यांना पेडलने आवाज फाडायला नको असतो. पेडलने पुढच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला ढकलावं आणि त्याने फाटावं, असं हवं असतं. हेवी मेटल वाजवणारेसुद्धा खर्ज आवळून धरण्यासाठी तेच करतात. आता ज्याच्याकडे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच नाही, त्याने त्यांचं ऐकून तेच पेडल तसंच लावलं, तर तो आवाज यायचा कुठून?

दंतकथेची किंमत

फिनेगन यांनी सुमारे आठ हजार सेंटॉर बनवले आणि २००० च्या दशकाच्या अखेरीला ते बनवणं थांबवलं. नवं असताना काहीशे डॉलरना मिळणारं हे पेडल पुढे हजारो डॉलरना विकलं जाऊ लागलं. आतलं मंडल कुणी पाहू नये म्हणून त्यावर राळेसारखा थर ओतलेला होता. त्यामुळे गूढ आणखी वाढलं. शेवटी लोकांनी तो थर खरवडून मंडल उलगडलंच आणि नकलांचा पूर आला. २०१२ मध्ये फिनेगन यांनी 'केटीआर' ही नवी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यावरच एक ओळ छापली. या पेडलाचा जो अतिरेकी गवगवा अनेकांना खटकतो तो मी केलेला नाही, अशा अर्थाची. आपल्या वस्तूवरच असं लिहिणारा कारागीर विरळा.

ट्यूब स्क्रीमरचीही अशीच गोष्ट. ८०८ आणि ९ या दोन मॉडेलांमध्ये कोणतं अस्सल, यावर लोक भांडतात. जुन्या ८०८ ला भरमसाट किंमत देतात. दोन्हींच्या मंडलांतला मुख्य फरक शेवटच्या टप्प्यावरच्या दोन रेझिस्टरांचा आहे. आतली '४५५८' ही चिप तर पवित्र मानली जाते; खरं म्हणजे ती अनेक साध्या ध्वनियंत्रांत सापडणारी स्वस्त चिप आहे. पेडलच्या आत काय असतं? एखादी चिप, दोन-तीन डायोड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा हौशी विद्यार्थी हे मंडल सुट्टीत जोडू शकतो. मुंबईतल्या 'अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन'सारख्या निर्मात्यांनी स्वतःची पेडलं घडवलीच आहेत.

याचा अर्थ महाग पेडल म्हणजे फसवणूक, असा नाही. मजबूत डबी, टिकाऊ खटका, हाताने केलेलं काम, मागे उभा राहणारा कारागीर, यांची किंमत असते. जुन्या वस्तूचं मोल असतं. फक्त आपण किंमत कशाची मोजतो आहोत, आवाजाची, मजबुतीची की दंतकथेची, हे मोजणाऱ्याला ठाऊक असावं.

कान कसा फसतो

दुकानात तुलना करताना पहिला धोका मोठ्या आवाजाचा. दोन अगदी सारखे आवाज ऐकवले आणि त्यातला एक अगदी थोडा, समजा एका डेसिबलने, मोठा ठेवला तर आपण 'तो मोठा आहे' असं म्हणत नाही. आपण म्हणतो, 'तो जास्त भरीव आहे, जास्त स्पष्ट आहे.' पेडल चालू केलं की बहुधा आवाज मोठाही होतो. त्यामुळे प्रत्येक नवं पेडल पहिल्या मिनिटाला चांगलंच वाटतं.

दुसरा धोका त्याच्या उलट बाजूचा. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि फार तीव्र स्वर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री शेजाऱ्यांना भिऊन, बारीक आवाजात आपण खर्ज आणि तार वाढवून पेडल 'लावतो'. आणि तेच पेडल कार्यक्रमात मोठ्या आवाजात गुरगुरतं आणि टोचतं. जिथे वाजवायचं तेवढ्याच आवाजात पेडल लावावं, हे साधं सूत्र आहे.

तिसरा धोका नॉबांचा. दोन्ही पेडलांचे नॉब घड्याळातल्या बारावर ठेवले म्हणजे तुलना समान झाली, असं पुष्कळांना वाटतं. पण एका पेडलचे बारा म्हणजे दुसऱ्याचे दोन असू शकतात. आकडे सारखे ठेवून उपयोग नाही, आवाज शक्य तेवढे सारखे करून पाहावेत. तसं करता करताच निम्मे वाद मिटतात. कारण टोनचा नॉब थोडा फिरवला की दोन 'जमीन-अस्मानाच्या फरकाची' पेडलं एकमेकांच्या फार जवळ येतात.

आणि चौथा धोका स्पीकरचा. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचा भाग झपाट्याने गाळून टाकतो. छाटणीतून निघालेला सगळा चरचराट त्याच पट्ट्यात असतो. आपल्याकडे अनेक घरांत पेडल थेट होम थिएटरला किंवा कीबोर्डच्या स्पीकरला जोडलं जातं. ते स्पीकर सगळंच इमानदारीने ऐकवतात आणि मग डबीत मधमाश्या कोंडल्यासारखा आवाज येतो. दोष पेडलला दिला जातो, नवं पेडल येतं आणि मधमाश्या तिथेच राहतात. अशा वेळी पैसे घालायचेच असतील, तर ते गिटारसाठी बनवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालावेत. आवाजात सर्वांत मोठा फरक तिथे पडतो, नंतर गिटारमध्ये, आणि मग पेडलमध्ये.

मग तुलना करायची कशी?

धोबी तलावाच्या परिसरातल्या वाद्यांच्या दुकानात जा किंवा मित्राकडे जा. पण आपली गिटार आणि शक्य असल्यास आपला अ‍ॅम्प्लिफायर बरोबर न्या. दुसऱ्याच्या गिटारवर ऐकलेलं पेडल म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचलेलं पुस्तक.

वाजवलेला एखादा तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं 'लूपर' नावाचं यंत्र मिळतं. ते दोन्ही पेडलांच्या आधी जोडा. म्हणजे प्रत्येक पेडलला तोच हात, तोच जोर, तोच तुकडा मिळेल. नाहीतर आवडत्या पेडलवर आपण नकळत जास्त मन लावून वाजवतो. मग दोन्हींचा आवाज सारखा मोठा करा. मोबाइलवरचा ध्वनिमापक इथे पुरेसा आहे. आता पाठ करून बसा आणि कुणाला तरी खटका बदलायला सांगा. तुम्ही फक्त ओळखायचं, पहिलं की दुसरं. दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच-सहा उत्तरं बरोबर येतातच, त्यावर खूश होऊ नका. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र तुम्हाला फरक खरोखर ऐकू येतो, असं मानायला जागा आहे. अंदाजाने तसं होण्याची शक्यता शंभरात एखादी.

फरक ऐकू आला, की मग दुसरा प्रश्न: तो हवा आहे का? यासाठी ढोल आणि बास यांची एखादी ध्वनिफीत मागे लावून वाजवा. हलकं वाजवा, जोरात वाजवा, गिटारवरचा आवाजाचा नॉब कमी-जास्त करा. पेडल किती फाटतं यापेक्षा ते किती मागे येतं, हे महत्त्वाचं. एक स्वर वाजवा, मग पॉवर कॉर्ड, मग चार-पाच स्वरांची पूर्ण कॉर्ड. कुठे चिखल होतो ते ऐका. आणि शेवटी स्वतःला विचारा, की मी संचात वाजवणार आहे की एकट्याने? माझ्याकडे जे पेडल आहे त्याचे तिन्ही नॉब मी या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी फिरवून पाहिले आहेत का?

दहापैकी पाचच उत्तरं बरोबर आली, तर वाईट वाटण्याचं कारण नाही. बरेच पैसे वाचले. त्यात शिकवणीचे काही महिने निघतात, नव्या तारांचे कितीतरी संच येतात.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. वादक म्हणतात, 'आवाज सारखा असेल, पण हे पेडल पायाशी असलं की मी चांगलं वाजवतो.' हे खोटं नसतं. आवडत्या लेखणीने लिहावंसं वाटतं, गुरूने दिलेला तबला हाताला वेगळा लागतो. वाजवणाऱ्याचा विश्वास वाजवण्यात उतरतोच. पण तो विश्वास डबीतून आलेला नाही, आपल्यातून आलेला आहे, एवढं ओळखलं तर तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या डबीकडे पळत नाही. ज्या मुलांना आपला हात अजून बसलेला नाही हे सांगणारं कुणी भेटत नाही, ती मुलं हात बसण्याऐवजी पेडलं बदलत राहतात आणि कंटाळून एक दिवस गिटारच माळ्यावर टाकतात. यात खरं नुकसान पैशांचं नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. पोराने आवाज फाडला की 'बंद कर ते' म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा. त्याला सांगा, 'दोन पेडलं आण, मी खटका बदलतो, तू पाठ करून ओळख.' तुमचे पैसे कदाचित वाचतील. कदाचित तुम्हालाही फरक ऐकू येऊ लागेल. तंबोरा जुळवताना जवारी उघडली की आपल्या अंगावर काटा येतो. त्या पोरालाही तशाच कसल्या तरी झणकाराचा शोध असतो. तो त्याने स्वतःच्या कानाने घ्यावा, एवढंच.